आपल्याकडे असं होतंच

४ मार्च

पोरी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र न उघडताच कुठेतरी सारून ठेवशील, म्हणून पत्ता लॉन्ड्रीतल्या टाइपिस्ट मुलीकडून लिहून घेतलाय. आत मात्र अक्षर माझंच आहे. आता उघडलंच आहेस तर पाच मिनिटं वाच, मग हवं तर फाड.

तुला दिवस गेलेत, पाचवा सरत आलाय, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. जावईबापूंवर तर मुळीच संशय घेऊ नकोस, ते बिचारे... बरं, त्यांनीच सांगितलं. खोटं बोलायची माझी सवय मला मोडायची आहे, तर सुरुवात इथूनच. त्यांच्यावर रागावू नकोस. फोनवर एवढंच बोलले, "आई, मला भीती वाटते." त्या माणसाला भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मागच्या वेळी तुला रक्ताच्या पाच बाटल्या चढल्या तेव्हा सगळ्यांना धीर देत तेच फिरत होते.

मी बरी आहे. लॉन्ड्रीत अजून जाते. हॉटेलवाल्यांनी नवी मोठी मशिनं आणलीत, एका वेळेला चाळीस चादरी गिळतात. पण डाग काढायचं टेबल अजून माझ्याकडेच आहे. मुकादम म्हणतो, "बाई, तुम्ही गेल्यावर डागांचं कसं व्हायचं?" मी म्हटलं, डाग काय, माणसं असेपर्यंत पडतच राहणार.

हे लिहायचं नव्हतं. थोरल्याबद्दल विचारायचं होतं. आता चार वर्षांचा झाला. मी शेवटचं पाहिलं तेव्हा भिंतीला धरून उभा राहायचा आणि हात सुटला की स्वतःच हसायचा. आता कसा हसतो?

तुझी तब्येत जप. यापेक्षा जास्त लिहायचा मला अधिकार नाही.

आई


१९ मार्च

पोरी,

उत्तराची वाट पाहिली नाही असं लिहिणार होते. पाहिली. टपालवाला रोज अकराच्या सुमाराला येतो, आणि गेले दोन आठवडे नेमकं त्याच वेळी मला काहीतरी आणायला फाटकाशी जावं लागतंय.

काल जावईबापूंचा फोन आला. तुला रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंय म्हणे, आणि त्यांनी विचारलं की माहेरी कुणाला रक्तस्रावाचा त्रास होता का. त्यावर तू म्हणालीस, "माझ्या आईला विचारून उपयोग नाही, ती नाहीच म्हणेल."

बरोबर बोललीस. मागच्या वेळी दहाव्या दिवशी तुला अंगावरून जायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी त्या खोलीत सगळ्यांसमोर मला हेच विचारलं होतं. विहीणबाई उशाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे तसलं काही नाही." मग त्यांना वाटलं आत वारेचा तुकडा राहिला असेल, म्हणून पिशवी साफ केली, आणि तू आणखी वाहत राहिलीस.

पुढे वर्षभराने मामाच्या घरी बोलता बोलता मामीच्या तोंडून धाकटीचं नाव निघून गेलं, आणि तू घरी येऊन मला एकच प्रश्न विचारलास. मी म्हटलं, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या. तेव्हा तू बॅग भरलीस, थोरल्याला कडेवर घेतलंस आणि गेलीस. त्याला आता तीन वर्षं झाली.

तर उकरते. माझी एक धाकटी बहीण होती. तिला आम्ही सगळे धाकटीच म्हणायचो, शेजारपाजारचे सुद्धा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, गोरी, आणि जिभेला हाड नसलेली. अंगावर इतके निळे डाग असायचे की शाळेतल्या बाई एकदा घरी आल्या होत्या, मुलीला कोण मारतं म्हणून. कुणीच मारत नव्हतं. कोपरावर टेकून अभ्यास केला तरी तिचं कोपर निळं व्हायचं. आई म्हणायची, "आपल्याकडे असं होतंच." माझ्या पाळीबद्दलही तेच. नाकातून रक्त आलं, दात पडला, कान टोचले, सगळ्याला आईचं हे एकच औषध.

धाकटी बावीस वर्षांची असताना बाळंत झाली. मुलगी झाली. अकराव्या दिवशी धाकटी गेली, आणि आठवड्याने मुलगीही. मी तेव्हा सासरी होते. मला उशिरा कळलं.

हे डॉक्टरीणबाईंना सांग. किंवा हा कागदच दे.

आई


७ एप्रिल

पोरी,

मी रक्त तपासून आले.

जावईबापू म्हणाले, गरोदरपणात तुझे आकडे वर चढलेत, कागदावर सगळं ठीक दिसतंय, त्यामुळे डॉक्टरांना नक्की काही ठरवता येत नाहीये. घरातल्या दुसऱ्या कुणाचं रक्त पाहायला मिळालं तर बरं होईल. दुसरं कोण? मी. मुकादमाकडे दोन दिवसांची रजा मागितली. तो म्हणाला, तीस वर्षांत पहिल्यांदा मागताय, बरं आहे ना? मी म्हटलं, तेच बघायला चालले आहे.

इथल्या मोठ्या इस्पितळात रक्ताच्या आजारांची वेगळी खोली आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांब. बाकावर माझ्याशेजारी एक सात-आठ वर्षांचा पोरगा गुडघा बांधून बसला होता, आणि मला समजावत होता की सुई टोचल्यावर कापूस दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचा, "मधे मधे उघडून बघायचं नाही हं आजी." असं कुणी मला आठ वर्षांची असताना सांगितलं असतं तर!

डॉक्टर तरुण आहे, पण ऐकून घेणारा. त्याने विचारलं, पाळी किती दिवस चालायची? मी म्हटलं, दहा, कधी बारा. दात काढला तेव्हा? तीन दिवस तोंडात रक्त. बाळंतपणात? दीड महिना उठले नव्हते. (हे तुझ्या वेळचं. तुला कधी सांगितलं नाही. तू पाळण्यात, मी खाटेवर, आणि तुझे बाबा दोघींच्या मधे हातात बाटली घेऊन उभे.) तो म्हणाला, "आणि अठ्ठावन्न वर्षांत तुम्ही कुणालाच दाखवलं नाहीत?"

मी म्हटलं, आपल्याकडे असं होतंच.

त्याने पेन खाली ठेवलं. "आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? एकेक माणूस सांगा." मग कागदावर बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन काढत गेला. ज्याला त्रास होता त्याचं चित्र काळं भरायचं. आई, मी, धाकटी. धाकटीच्या मुलीपाशी तो थांबला, तिचं माहीत नाही म्हणाले. तिथे त्याने गोलात प्रश्नचिन्ह काढलं. त्या मुलीला नाव सुद्धा मिळालं नव्हतं, आणि आता बत्तीस वर्षांनी कागदावर तिला निदान एक गोल मिळाला. मला तिथे रडू आलं. तुझ्या गोलापर्यंत आलो तेव्हा मात्र मी रडले नाही, हात घट्ट धरून बसले.

त्याने मामाबद्दलही विचारलं. मामाला लहानपणी घोळणा फुटायचा. डॉक्टर म्हणाला, त्यांचंही रक्त मिळालं तर चित्र पक्कं होईल.

धाकटी गेल्यापासून मामा माझ्याशी धड बोलत नाही, हे तुला माहीत आहेच. का, ते मात्र तुला माहीत नाही.

आई


२८ एप्रिल

पोरी,

मामाकडे जाऊन आले. मामीने दार उघडलं, चहा केला, आणि मी कशासाठी आलेय ते कळल्यावर कप बशीसकट उचलून आत नेला. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं व्हायची आहेत. मामा खिडकीपाशी बसून होता. म्हातारा झालाय गं. खुर्चीच्या हातावर त्याचा हात होता, आणि हातावर आमच्या आईच्या हातावर असायचा तसाच निळा डाग.

मी म्हटलं, "दादा, पोरीला आठवा लागतोय."

तो म्हणाला, "आता आठवली का तुला?"

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"धाकटीच्या वेळी कुठे गेली होती तुझी ही काळजी? तू होतीस तिथे. मी नव्हतो. तू होतीस!"

आता ऐक. मार्चच्या पत्रात मी लिहिलं की मी सासरी होते आणि मला उशिरा कळलं. ते खोटं. इतकी वर्षं तेच सांगत आले, त्यामुळे हात आपोआप तेच लिहून गेला. मी तिथेच होते. तिच्या बाळंतपणासाठी मीच तिच्या सासरी राहायला गेले होते. आठव्या दिवशी तिने मला चादर दाखवली आणि म्हणाली, "ताई, सासूबाईंना कळू देऊ नकोस. आधीच मुलगी झाली म्हणून तोंड फिरवून बसल्यात, वर आजारी सून म्हणतील." मी चादर थंड पाण्यात भिजवली. रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं, डाग पक्का बसतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. नवव्या दिवशी दोन चादरी. दहाव्या दिवशी तीन. सगळ्या मी पहाटे धुवून, कुणी उठायच्या आत वाळत घातल्या. एकीवरही डाग राहू दिला नाही. तिची सासू मला म्हणाली सुद्धा, "कामाची आहेस हो." अकराव्या दिवशी दुपारी धाकटीचे ओठ पांढरे पडले, तेव्हा मी आरडाओरडा केला. गाडी येईपर्यंत सगळं संपलं.

म्हणजे तिने सांगितलेलं मी ऐकलं, एवढाच माझा गुन्हा. पण केवढा!

तुझ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा विहीणबाईंची मला लाज वाटली असं तुला वाटतं. थोडी वाटली. पण खरं कारण ते नाही. त्या क्षणी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमच्या बहिणीच्या वेळी काय झालं? ते मला स्वतःला सांगता येत नव्हतं. आणि तिथे तू वाहत होतीस.

मामाला मी हे सगळं तसंच सांगितलं. तो ऐकत राहिला. तीन तास आम्ही त्या खोलीत बसलो, जेवणं सुद्धा झाली नाहीत. शेवटी तो उठला आणि बायकोला म्हणाला, "माझी चप्पल दे." मामी म्हणाली, "मुलींच्या लग्नांचं काय?" तो म्हणाला, "मुलींच्या बाळंतपणांचं काय?"

रक्त देताना त्याने माझा हात धरला होता. सुईला घाबरतो अजून.

आई


२१ मे

पोरी,

आमच्या दोघांचे रिपोर्ट आले. मी पाठवलेच आहेत, पण डॉक्टरने मला समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते, कारण जावईबापू म्हणाले की ते सगळे इंग्रजी आकडे पाहून तू कागद उलटा ठेवलास.

रक्तात एक चिकट घटक असतो. जखम झाली की तो गोंदासारखा काम करतो. काही लोकांमध्ये तो कमी असतो. आपल्यात तो कमी नाही, पुष्कळ आहे, पण कामाचा नाही. आमच्या लॉन्ड्रीत दोघे असे आहेत, हजेरीपुस्तकात रोज सही, आणि मशिनपाशी कधी दिसायचे नाहीत. पोट वाढतं तशी या घटकाची हजेरी वाढते, म्हणून तुझे आकडे छान दिसत होते. त्या आकड्यांवर विसंबून पाठीत सुई देऊन कळांचं दुखणं थांबवायचं ठरलं होतं ना? ते आता रद्द. पाठीच्या कण्यात रक्त साचलं असतं तर पाय गेले असते. जावईबापूंनी हे मला फोनवर सांगितलं.

आता ठरलंय ते असं. मोठ्या इस्पितळातच जायचं. कळा सुरू झाल्या की शिरेतून तो कामाचा घटक द्यायचा, त्याच्या बाटल्या आधीपासून फ्रिजमध्ये आणून ठेवायच्या. बाळाला चिमट्याने किंवा पंपाने ओढायचं नाही, कारण त्यालाही हेच असू शकतं आणि डोक्यात रक्त उतरेल. जन्मल्यावर बाळाच्या मांडीत नेहमीची व्हिटॅमिनची सुई नाही, ते औषध तोंडातून. नाळेतलं रक्त तपासायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंतरचे तीन आठवडे. बाळंतपण पार पडलं की सगळे पेढे वाटून निर्धास्त होतात, आणि नेमकी तेव्हाच घटकाची वाढलेली हजेरी खाली येते. धाकटीचा अकरावा दिवस. तुझा दहावा.

त्या तीन आठवड्यांत घरात कुणीतरी हवं. विहीणबाईंचे गुडघे चालत नाहीत. जावईबापू म्हणाले, "ती बोलली नाही, पण मी विचारतो. याल का?"

तू बोलली नाहीस म्हणजे नाही म्हणालीस, की नुसतीच बोलली नाहीस? मी बॅग काढून ठेवली आहे. तू नको म्हणालीस तर परत ठेवीन. बॅगेला काय, तिला सवय आहे.

आई


१४ जुलै

पोरी,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. कुणी पाहिलं तर म्हणेल या घरातल्या बायका वेड्या आहेत. पण सहा दिवसांत आपण जेवढं बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. "पाणी हवं?" "नको." "ती उठली." "हं."

तक्रार नाही. तू दार उघडू दिलंस.

तुला माहीत नाही ते सांगते. आत तुला नेलं तेव्हा आम्ही बाहेर होतो. जावईबापूंच्या हातात तुझी फाईल होती आणि पहिल्या पानावर ते गोल-चौकोन. प्रत्येक नव्या माणसाला, नर्स असो की स्ट्रेचरवाला, ते फाईल उघडून दाखवत होते. स्ट्रेचरवाला म्हणाला, "साहेब, मला फक्त खोली नंबर सांगा." साडेसात तास. मग आतून डॉक्टरीणबाई आल्या, मुलगी आहे म्हणाल्या, आणि मी विचारलं, "रक्त?" त्या म्हणाल्या, "जेवढं जायचं तेवढंच गेलं." मुलगी झाली हे मी त्यानंतर ऐकलं. माफ कर, पण तू आधी माझी मुलगी आहेस.

थोरला मला ओळखत नाही. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "तू कुणाची आजी?" मी म्हटलं, तुझी. तो म्हणाला, "माझी एक आहे." मग विचार करून म्हणाला, "पण दुसरी चालेल." हसतो तसाच गं. हात सुटल्यावर हसायचा तसा.

गोळ्या वेळेवर घे. आज सातवा दिवस.

आई


२१ जुलै

पोरी,

हे पत्र इस्पितळाच्या बाकावरून. तू झोपली आहेस. परिचारिका आत्ताच पाहून गेली, ठीक आहे म्हणाली. कागद मांडीवर आहे म्हणून अक्षर असं आलंय.

परवा दुपारी, बाराव्या दिवशी, मी न्हाणीघरात कपडे धुवायला गेले. कोपऱ्यातल्या बादलीवर ओला टॉवेल टाकलेला होता. उचलला. खाली चादर, तिच्याखाली आणखी एक. थंड पाण्यात. तुला हे कुणी शिकवलं? मीच शिकवलं असेल.

मी खोलीत आले. तू भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होतीस.

"किती वेळ झाला?"

"काही नाही. होतं असं."

"तासाला कापडाच्या किती घड्या बदलतेस?"

"म्हटलं ना, काही नाही. तू जा."

"मी तीस वर्षं चादरी धुतल्यात. मला काही नाही सांगू नकोस!"

तेव्हा तू वळलीस. तुझे ओठ पाहिले मी. तू म्हणालीस, "परत ते इस्पितळ नको. परत हिला सोडून नको. मागच्या वेळी थोरल्याला वीस दिवस बाटलीवर ठेवलं, तो मला ओळखेना." आणि मग म्हणालीस, "आई, कुणाला सांगू नकोस."

आई म्हणालीस. तीन वर्षांनी. आणि त्याच वाक्यात तेच मागितलंस जे धाकटीने मागितलं होतं.

मी जावईबापूंना फोन केला. शेजारणीला हाक मारली. जिन्यात उभं राहून ओरडले, "गाडी आणा, माझ्या मुलीला रक्त जातंय." अख्ख्या इमारतीने ऐकलं. तू मला नको नको म्हणत होतीस आणि मी तुझ्या पायात चपला चढवत होते.

इथे आल्यावर ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर म्हणाला, बाळंतपणानंतर महिनाभर जातंच थोडंफार, बसा, बघतो. जातंच म्हणाला. मला तिथेच काय झालं कोण जाणे. फाईल घाईत घरी राहिली होती. पण सगळं तोंडपाठ होतं. मी त्या मोकळ्या व्हरांड्यात, तीस-चाळीस माणसांसमोर, त्याला सांगितलं. माझी बहीण अकराव्या दिवशी गेली, मी तिथे होते. मला दीड महिना गेलं. हिला पाच बाटल्या लागल्या, कारण मी खोटं बोलले. या आजाराचं नाव हे, हिचा प्रकार हा, तुमच्या फ्रिजमध्ये हिच्या नावाच्या बाटल्या आहेत, आणि रक्ताच्या डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन लावा, मी बसणार नाही.

पोरगा चांगला होता. वाद न घालता फोन लावला. अर्ध्या तासात सुई लागली. संध्याकाळपर्यंत ओसरलं. पिशवीला कुणी हात लावला नाही.

बाळाला तुझ्या शेजारीच ठेवलंय. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, का नाही?

काल तू मला विचारलंस, "तेव्हा का नाही बोललीस असं?" मी तोंड उघडलं, पण तू हात वर केलास. म्हणालीस, "वाचलंय. सगळी वाचलीत. एप्रिल अखेरचं दोनदा." मग बाळाचं पांघरूण सारखं केलंस. "राग गेला नाहीये," म्हणालीस.

मी म्हटलं, जाऊ देऊ नकोस लगेच. पण खात जा त्याच्याबरोबर थोडं.

तू हसलीस की तोंड वाकडं केलंस ते मला नीट दिसलं नाही. चष्मा पुसायचा होता.

आई


९ ऑगस्ट

बाळा,

हे पत्र तुझ्या आईला नाही, तुला आहे. तू आत्ता बत्तीस दिवसांची आहेस, नाव अजून ठरत नाहीये, तुझा भाऊ तुला "लहान माणूस" म्हणतो. तुला वाचता येईपर्यंत मी असेन की नाही ठाऊक नाही. म्हणून तुझ्या आईने काल भाजी निवडता निवडता मला सांगितलं, "तिच्यासाठी लिहून ठेव. मला सांगताना जमणार नाही, मी रडेन किंवा चिडेन. तू लिही." तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट आहे, पहिली मी दिली नाही.

तर ऐक. आपल्या घरात रक्त लवकर थांबत नाही. हा शाप नाही, दोष नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही. तुझ्या पणजीला होतं, तिने सवय म्हणून सोसलं. माझ्या बहिणीला होतं, ती बावीस वर्षांची असताना त्याने गेली. मला आहे. मामाआजोबांना आहे, त्यांच्या एका मुलीला आहे असं मागच्या आठवड्यात कळलं, आणि जो मुलगा तिला पाहायला आला होता त्याला तिने स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, मला दमा आहे, मीही सांगणारच होतो. तुझ्या आईला आहे. तुला आहे का ते अजून नक्की नाही. नाळेतल्या रक्ताने अर्धवट उत्तर दिलं, जन्मताना आकडे फसवे असतात म्हणे. सहा महिन्यांनी परत तपासायचं.

असलं तर असू दे. दात काढायच्या आधी सांगायचं. शाळेत सांगायचं. मोठी झालीस की जो तुझा हात मागेल त्यालाही सांगायचं, आणि तो घाबरला तर त्याला दाराबाहेर घालवायचं. पाळी सात दिवसांच्या वर गेली की गप्प बसायचं नाही. चादर भिजली तर ती धुवायच्या आधी कुणाला तरी दाखवायची. एवढंच शिकायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या.

नसलं तरी सांगत जा. सांगायची सवय बरी.

उद्या सकाळच्या गाडीने मी परत चालले. मुकादमाचे चार फोन आले, डागांचं टेबल ओसंडून वाहतंय म्हणे. तुझ्या आईने माझं तिकीट काढलं, आणि मला न विचारता तुझ्या तपासणीच्या दिवसाचंही काढून ठेवलं. "येशील ना?" असं काही म्हणाली नाही. तिकीट माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

लोक म्हणतील, जिने तीन वर्षं काढली तिला सहा महिने काय जड आहेत. पण मला विचारशील तर ती तीन वर्षं सोपी होती. तेव्हा तुझ्या डोक्याचा वास कसा असतो ते मला माहीत नव्हतं.

तुझी आजी